चौथी काच

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी दोन शटर साफ केली, एका लेन्सची बुरशी काढली. दुपारी दादा आला. वडिलांचा कॅमेरा टेबलावर ठेवून म्हणाला, याची काच बदलून दे, अंधुक दिसतंय.

मी काढून बघितली. काच उत्तम. धुळीचे दोन कण होते, ते फुंकणीने गेले. तसं सांगितलं तर म्हणाला, बदल म्हणतोय तर बदल की.

वहिनी सोबत होत्या. हल्ली त्या त्याच्याबरोबर येतात. इतक्या वर्षांत त्यांनी दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. भावजी, काच म्हणजे नक्की कुठली, असं त्यांनी विचारलं. मला समजावून सांगायला आवडतं, कोणी विचारत नाही एवढंच. लेन्समधून आलेलं चित्र आरशावरून वर जातं आणि एका दुधी चकतीवर उमटतं. आपण डोळा लावून बघतो ते त्या चकतीवरचं चित्र. ती प्लास्टिकची, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी, पण सगळे तिला काचच म्हणतात. या कॅमेऱ्याची काच चिमट्याने काढून दुसरी बसवता येते.

वहिनींसमोर चारही प्रकार मांडले. दादाकडे आहे तिच्यात मधोमध छोटं वर्तुळ असतं. त्यात माणूस आडवा कापल्यासारखा दिसतो, वरचा भाग एकीकडे आणि खालचा एकीकडे. रिंग फिरवून दोन्ही जुळवले की फोकस बरोबर. दुसरीच्या वर्तुळात बारीक दाणे असतात. फोकस चुकला की ते चमचमतात, जुळला की शांत होतात. तिसरीवर उभ्या-आडव्या रेघा, इमारतींचे फोटो काढणाऱ्यांसाठी. चौथी कोरी. वहिनी म्हणाल्या, यातली सगळ्यात ठळक कुठली? मी म्हटलं, ज्याची त्याची सवय. दादा म्हणाला, हिला कशाला शिकवतोस, दाण्यांची बसव आणि मोकळा कर.

बसवून दिली. तो डोक्यावर उभा राहून बोलत होता. माणूस उभा असला की माझे हात नीट चालत नाहीत.

काम मोठं घेतलंय त्याने. गावाबाहेरचा काचकारखाना एकतीस मार्चला बंद होतोय. भट्टी विझवणार. एकतीस कामगार उरलेत, आणि प्रत्येकाचा फोटो त्याच्या जागेवर, भट्टी पेटलेली असताना काढायचा आहे. सव्वीस वर्षांपूर्वी भट्टी पहिल्यांदा पेटवली तेव्हा दादानेच फोटो काढले होते, याच कॅमेऱ्याने. म्हणून कामगारांनी त्यालाच गाठलं. एकदा भट्टी विझली की त्या जागेवर पुन्हा कोणी उभं राहणार नाही.

वडिलांनी वाटणी केली ती अशी: कॅमेरा दादाला, हत्यारं मला. म्हणजे त्याने काढायचे फोटो आणि मी काढायची धूळ.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दादाने पहिल्या आठ कामगारांचे फोटो काढले, रोल धुऊन आणला. एकही फोटो स्पष्ट नाही. मागची भिंत वीट न् वीट मोजावी अशी, आणि पुढे माणूस पिठात बुडवल्यासारखा.

तो आवाज चढवून बोलला. दोष म्हणे माझाच: माझी काच, माझं काम, माझी धांदल. मी म्हटलं, भट्टीच्या उजेडात लेन्स पूर्ण उघडावी लागते, तिथे बोटभर चूकही दिसते, आणि चौसष्टाव्या वर्षी हात हलणारच. त्याने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. अजिबात हलत नव्हते. हे लिहायलाच हवं.

मग त्याने माठातलं पाणी घेतलं. पेल्यात बोट बुडवून पाणी कुठवर आलंय ते बघितलं. मी म्हटलं, हे काय, तर म्हणाला, गार आहे का बघतोय. जाताना शेजारच्या चष्मेवाल्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांना 'काय मास्तर, बरंय ना?' म्हणाला. बाई हसल्या, मीही हसलो. भांडून झाल्यावर त्याला विनोद सुचतात, हे लहानपणापासूनचं आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज दुकान बंद असतं. टेबल आवरायला घेतलं. रबरी चटई उचलली आणि खाली पितळी पट्टी सापडली.

कागदाइतकी पातळ चौकोनी चौकट. काच जिच्यावर टेकते ती. काच आणि फिल्म दोन्ही लेन्सपासून अगदी सारख्या अंतरावर असाव्या लागतात, म्हणून कारखान्यातच प्रत्येक कॅमेऱ्याला मोजून पट्टी घातलेली असते. ती नसली तर डोळ्याला स्पष्ट दिसतं आणि फिल्मवर उतरतं भलतंच. सोमवारी जुनी काच काढताना ती चिकटून आली असणार आणि गळून पडली असणार.

चाळीस वर्षांत असं कधी झालं नाही. उमेदवारी करणारी माणसं असल्या चुका करतात आणि आपण त्यांना हसतो.

पट्टी पाकिटात घातली. दादाला आज फोन केला नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चार दिवस सांगितलं नाही. त्या आठ माणसांचे पिठूळ चेहरे सारखे समोर येत होते. आज पाकीट घेऊन त्याच्या घरी गेलो.

वाटलं होतं, सात पिढ्यांचा उद्धार होईल. दादाने पट्टी हातात घेतली, अंगठ्याने चारही कडा चाचपल्या आणि विचारलं, ही नसली तर फोटो बिघडतात? मी म्हटलं, हो. सगळेच? सगळेच. म्हणजे बघणाऱ्याला आत नीट दिसत असलं तरी? मी म्हटलं, दादा, चूक माझी आहे, आणखी किती वेळा वदवून घेणार?

तो हसला. मला वाटलं छद्मी हसतोय, पण तसं नव्हतं. माझ्या पाठीवर असा थापा मारत राहिला की माझा चष्मा नाकावरून घसरला. वहिनींना हाक मारली, 'ऐकलंस का, पट्टी होती. पट्टी नव्हती म्हणून.' वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडल्या. त्यांना कॅमेऱ्याचं एवढं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग दादाने आतल्या खोलीत जाऊन कुणाला तरी फोन केला. येत्या मंगळवारची त्याची कुठली तरी वेळ ठरलेली होती, ती रद्द केली. वहिनी म्हणाल्या, अहो, राहू दे ना, जाऊन तर येऊ. तो म्हणाला, आता कशाला, मंगळवारी मी कारखान्यात जातो. बरं झालं. दिवस हाताशी मोजकेच आहेत.

चूक माझी, आणि मिठाई त्याने खाऊ घातली. दादा मोठ्या मनाचा आहे हे कबूल करायला मला सत्तावन्न वर्षं लागली.

तिथेच पट्टी बसवली, वर काच बसवली. कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्मच्या जागी दुधी काच धरली आणि भिंगाने ताडून बघितलं. आत दिसतं तेच फिल्मवर पडतं. केसभरही फरक नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

रोल आला. बारा जणांचे फोटो, तीन तीन काढलेले. चार फोटो बरे आहेत. बाकी मागची भिंत, नाहीतर पुढचा पाइप. चेहरा कुठेच नाही.

मी कॅमेरा पुन्हा सगळा तपासला. पट्टी जागेवर. आरसा जागेवर. दुधी काच लावून चार वेळा ताडलं.

आज दादा ओरडला नाही. खुर्चीत बसला आणि म्हणाला, 'बारक्या, अजून एखादी पट्टी राहिली असेल का रे?'

मी म्हटलं, अशी एकच असते. त्याने पुन्हा विचारलं, चटईखाली नीट बघितलंस? मला राग आला. एकदा चूक कबूल केली म्हणून आयुष्यभर पट्टी ऐकवणार. मी चटई उचलून त्याच्यासमोर झटकली. त्याने तिकडे बघितलंही नाही.

कारखान्याचा मुकादम त्याला पोचवायला आला होता. भला माणूस, पण तोंडाला कुलूप नाही. म्हणाला, तुमचे भाऊ फोटो काढताना मान वाकडी करतात, आमची पोरं म्हणतात साहेबांना मानेचं दुखणं आहे. दादाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज तो एकटाच आला. रेघांची काच बसव म्हणाला. चेहऱ्यांच्या कामाला रेघा कशाला, हे विचारायचं मी टाळलं. बसवून दिली. त्याने समोरच्या भिंतीवर कॅमेरा रोखला, काढला, पुन्हा लावला.

म्हणाला, रेघा वाकड्या आहेत. मी म्हटलं, कुठे? म्हणाला, मधे. कडेच्या सरळ आहेत आणि मधे आल्या की पाण्यात बुडवलेल्या काठीसारख्या वाकतात. एका ठिकाणी तर तुटल्यात.

मी काच बाहेर काढली. पोलादी पट्टी लावली, दहापट भिंगाखाली धरली. प्रत्येक रेघ सुतात. नवी, डबीबंद काच. त्याला बघ म्हटलं तर म्हणाला, मला जे दिसतं ते सांगतोय.

मग माझा तोल गेला. म्हणालो, आधी अंधुक, मग पट्टी, आता रेघा. म्हणालो, तुला फोटो जमेनासे झालेत ते माझ्या टेबलावर आणून टाकू नकोस. आणि जे कधी बोललो नव्हतो तेही बोललो, की वडिलांनी कॅमेरा चुकीच्या हातात दिला.

त्याने लेन्सचं झाकण चाचपत लावलं. दाराच्या पायरीवर थांबला, पायाने कड शोधली आणि उतरला. कॅमेऱ्याची पिशवी इथेच राहिली.

बरोबर बोललो असं दिवसभर स्वतःला सांगतोय.

बुधवार, २६ फेब्रुवारी

चष्मेवाल्या बाईंकडे माझ्या चष्म्याचा स्क्रू बसवायला गेलो. त्या नेहमी म्हणतात, तुम्ही कॅमेऱ्यांचे डॉक्टर, मी माणसांची कंपाउंडर. त्या स्क्रू बसवत असताना कालची गंमत सांगितली. सरळ रेघांना वाकडं म्हणणारा आमचा दादा. सांगताना थोडी नक्कलही केली.

बाई हसल्या नाहीत. विचारलं, मधेच वाकड्या दिसतात म्हणाले? कडेच्या सरळ? उजव्या डोळ्याने बघतात ना? मी म्हटलं, उजवाच, डावा त्याचा जन्मापासून कमजोर.

त्यांनी खणातून एक पत्रा काढला, वहीच्या पानाएवढा. त्यावर उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन आणि मधे काळा ठिपका. आमच्या तिसऱ्या काचेचं मोठं भावंड. म्हणाल्या, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायला सांगतात. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडत असला की या रेघा मधेच वाकतात. कडेचं सगळं शाबूत राहतं, फक्त ज्याच्याकडे बघावं तेच जातं. मग म्हणाल्या, 'तुमच्या भावाला आजच्या आज डोळ्यांच्या इस्पितळात न्या. यात दिवस मोजतात.'

दुकानात आलो. शटर उघडं पडलेला एक कॅमेरा टेबलावर होता, त्याला हात लावला नाही. ही वही मागे चाळली. पेल्यातलं बोट. मास्तर. वाकडी मान. कडा चाचपणं. मंगळवारची वेळ. सगळं माझ्याच अक्षरात आहे, तारखेसकट.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

काल संध्याकाळी गेलो तर घराला कुलूप होतं. आज सकाळी पुन्हा गेलो. वहिनी भाजी निवडत होत्या. दादा खिडकीपाशी, पाठमोरा.

मी म्हटलं, 'दादा, काचेवरच्या रेघा सरळ आहेत.'

तो म्हणाला, 'माहीत आहे.'

मग सांगत गेला. डिसेंबरात न्हाणीघराच्या फरश्या मधेच वाकलेल्या दिसायला लागल्या. आधी वाटलं फरश्याच खचल्या. मग वर्तमानपत्राचा मथळा मधेच खाल्ल्यासारखा दिसायला लागला. वहिनींना जानेवारीत सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ त्यांनीच घेतली, अठरा फेब्रुवारी, मंगळवार. जायची त्याला भीती वाटत होती. इतक्यात मी पाकिटातून पट्टी घेऊन आलो.

मी म्हटलं, फरश्या तरी वाकड्याच होत्या ना, तेव्हाही? तो म्हणाला, होत्या. पण म्हटलं, फोटो तर पट्टीने बिघडले. मग फरश्यांचंही काहीतरी असेलच.

नंतर म्हणाला, 'नऊ दिवस फार चांगले गेले रे.'

वहिनींनी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'भावजी, ती पट्टी चटईखालीच राहिली असती तर बरं झालं असतं.' दादा त्यांना गप्प बस म्हणाला नाही.

कॅमेऱ्याची पिशवी सोबत नेली होती, ती तशीच परत आणली.

मंगळवार, ४ मार्च

तातडीचं म्हणून आजची वेळ मिळाली. तिघंही गेलो. हिरव्या भिंतीची लांब ओसरी, बाकावर डोळ्यांत थेंब घातलेली माणसं ओळीने डोळे मिटून बसलेली.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. पडद्याच्या मधोमध बारीक नळ्या फुटल्यात आणि पाणी झिरपतंय. दर महिन्याला डोळ्यात सुई द्यायची. आहे तेवढं टिकवता येईल, गेलं ते बहुतेक परत येणार नाही. दोन आठवडे आधी आला असता तर? हे मीच विचारलं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, थोडं जास्त वाचलं असतं, किती ते कुणी सांगू शकणार नाही.

दादा त्यांना म्हणाला, आमच्या घरात सगळेच हळू आहेत, मनावर घेऊ नका.

पहिली सुई आजच दिली. बाहेर आल्यावर त्याच्या डोळ्यावर पट्टी होती. मी हात धरला. तो म्हणाला, हात धरू नकोस, तुझा खांदा दे. पायऱ्या उतरताना विचारलं, आजची तारीख काय? मी सांगितली. म्हणाला, म्हणजे सत्तावीस दिवस. मला समजलंच नाही. मग समजलं, भट्टीचे मोजतोय.

दुसरा कोणी फोटोग्राफर बघू का, असं मी विचारलं. चूक झाली.

रविवार, ९ मार्च

दादाला दुकानात आणलं. चारही काचा टेबलावर मांडल्या, एकेक बसवत गेलो. अशा सावकाशीने दोघं एका टेबलाशी वडील होते तेव्हा बसलो असू.

जुनी, दोन अर्धे जुळवायची: वर्तुळ मधोमध, आणि त्याचं मधोमधच गेलेलं. दाण्यांची: तीच गत. माझ्या धंद्यातली सगळी हुशारी काचेच्या मध्यावर रचलेली आहे, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. रेघांची त्याने हातातही घेतली नाही. म्हणाला, इस्पितळात भिंतीवर ती टांगलेलीच असते.

कोरी बसवली. बराच वेळ कॅमेरा डोळ्याला होता. मान थोडी वाकडी करून, नजर कडेला टाकून तो बघत राहिला. म्हणाला, 'ही ठेव. मधे काही नको. मधे माझं स्वतःचं आहे.'

मी म्हटलं, हिच्यावर चौकट दिसेल, माणूस कुठे आहे ते दिसेल, पण फोकस कसा कळणार? तो म्हणाला, ते तू बघ. तुझं खातं.

मंगळवार, ११ मार्च

दोन दिवस बाकी कामं बाजूला ठेवली.

फोकस म्हणजे शेवटी अंतर. अंतर दिसायलाच हवं असं नाही, मोजलं तरी चालतं. मेणाचा जाड दोरा घेतला, कॅमेऱ्याच्या पोटाखालच्या स्क्रूमागून सरकेल असा ओवला. समोरच्याने धरायच्या टोकापासून मोजून एक मीटरवर एक गाठ, दीडवर दोन, दोनवर तीन, तीनवर चार.

मग लेन्सची रिंग. आकडे त्याला वाचता येणार नाहीत. अंगठ्याला लागतील अशा खाचा करायच्या, त्याच अंतरांना, तितक्याच. वडिलांची लेन्स. चाळीस वर्षं तिच्यावर माझं बोटसुद्धा उमटू दिलं नाही, दर खेपेला कापडात धरली. आज कानस चालवली. पहिल्या खाचेला वेळ लागला, नंतर हात सैल झाला.

दादाने डोळे मिटून रिंग फिरवली. दोन खाचा, दीड मीटर. तीन, दोन मीटर. चारही बरोबर सांगितली. म्हणाला, वडील असते तर तुला उभं चिरलं असतं. मग पुन्हा एकदा फिरवली.

त्या दिवशी मी कॅमेऱ्याबद्दल जे बोललो, ते मागे घ्यायला तोंड उघडलं होतं. तो म्हणाला, दोरा जरा लांब ठेव, काही माणसं जाडी आहेत.

बुधवार, १९ मार्च

आज तिसरी खेप. पहिल्यापासून सगळे पुन्हा काढतोय. मीही जातो. दुकानाला 'दुपारनंतर उघडेल' अशी पाटी लावली आहे, चष्मेवाल्या बाई गिऱ्हाइकांना थोपवतात.

भट्टीसमोर दादा उभा राहतो. कामगार आपल्या जागेवर. दोऱ्याचं दुसरं टोक त्याने स्वतःच्या डोळ्याखाली गालाला टेकवायचं, दोरा ताठ करायचा. दादा बोटांनी गाठी मोजतो, माणसाला अर्धा पाऊल पुढे-मागे करतो, अंगठ्याने खाच शोधतो, 'सोड' म्हणतो. दोरा खाली पडतो आणि शटर वाजतं. डोळ्याने फक्त चौकट बघतो.

मुकादम म्हणाला, हे म्हणजे शिंप्याकडे माप द्यायला आल्यासारखं झालं. एकाने विचारलं, दोरा दातात धरू का? दादा म्हणाला, धर, बोलणं तरी थांबेल. पाइपमधून काच फुंकणारा एक जण आहे, गाल सुटून लोंबायला लागलेले, सगळे त्याला फुगा म्हणतात. त्याने दोरा गालाला लावला आणि डोळे मिटले. दादा म्हणाला, उघड. तो म्हणाला, उघडले तर पाणी येतंय, धगीमुळे. दादा म्हणाला, माझ्याही येतंय, आपण दोघं मिळून उघडू.

पहिल्या आठांतला एक आता नाही. काम शोधायला लांबच्या शहरात मुलाकडे गेला, पत्ता ठेवून. त्याला बोलावणं जमणार नाही. त्याचा सात फेब्रुवारीचा तोच पिठूळ फोटो राहणार. ती पट्टी तेव्हा जागेवर नव्हती. तो एक फोटो माझा.

सोमवार, ३१ मार्च

शेवटचे दोघे आज झाले. दुपारी मुकादमाने वायू बंद करणारं चाक फिरवलं. सगळे गोलात उभे होते. भट्टीचा आवाज इतके दिवस ऐकू येत होता हे तो थांबल्यावर कळलं. पांढरी धग पिवळी झाली, मग नारिंगी. पूर्ण विझायला आठवडा लागेल म्हणतात.

रोलमध्ये एक फोटो उरला होता. दादा म्हणाला, बारक्या, तिथे उभा राहा. मी म्हटलं, मी कुठला इथला कामगार. तो म्हणाला, दोरा धर.

दोरा गालाला लावला. दुसऱ्या टोकाला त्याची बोटं गाठींवरून सरकत होती, त्याची थरथर मला गालावर लागत होती. तीन गाठी. रिंगवर त्याचा अंगठा थांबला. मान वाकडी करून तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्या बाजूला कुठेतरी बघत होता. सोड म्हणाला. मी सोडला.

शनिवार, ५ एप्रिल

फोटो आले. तीस स्पष्ट, एक पिठूळ. मुकादमाने सगळे टेबलावर पसरले, दोन्ही हात मागे बांधून एकेक बघितला. पापण्यांवरची राख दिसते. फुग्याच्या गालावरच्या भाजल्याच्या खुणा दिसतात. मुकादमाची एकच तक्रार होती, की एकही माणूस मधोमध नाही, सगळे चौकटीच्या कडेला. सव्वीस वर्षांपूर्वीच्या फोटोंत कसे बरोबर मधे होते. दादा म्हणाला, आता मी असाच बघतो. मुकादमाने पुन्हा बघितले आणि म्हणाला, तरी ओळखू येतात सगळे.

पिठूळ फोटो गेलेल्या कामगाराच्या पत्त्यावर पाठवला. सोबत मी चिठ्ठी लिहिली, की चूक कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याची आहे.

वहिनी आज दुकानात आल्या. त्या दिवशी बोलल्या ते परत घेतलं नाही आणि मी वाटही बघितली नव्हती. पुढच्या सुईची तारीख सांगितली, म्हणाल्या, भावजी, तुमचा खांदा लागेल, माझा त्यांना बुटका पडतो. कागदावर लिहून भिंतीला लावली.

माझा फोटो दादाने मला दिला. उजव्या कडेला मी, बाकी चौकटभर थंड होत जाणारी भट्टी. खिशातल्या पेचकसाच्या मुठीवरचे ओरखडे मोजता येतात. दादाने काढलेला माझा हा पहिलाच.

कॅमेरा तपासणीला ठेवून गेला आहे. काच चौथी, कोरी. पट्टी जागेवर आहे. दोनदा बघितलं.